आरोग्य केंद्र येण्याआधी : प्रस्तावना

1946 साली भोर समितीचा अहवाल आला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात साधारण 6,300 माणसांमागे एक डॉक्टर होता आणि 43,000 माणसांमागे एक परिचारिका. जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 162 बाळे पहिल्या वाढदिवसाआधीच जात होती. डॉक्टरांपैकी बहुतेक शहरांत होते, म्हणजे खेड्यातला माणूस जन्मभरात एकदाही डॉक्टरासमोर न बसता जगे आणि मरे. हे आकडे सार्वजनिक आरोग्यावरच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात येतात, आणि ते वाचून आपण पान उलटतो. या संग्रहातले लेखक तिथेच थांबले आहेत. त्यांचा प्रश्न साधा आहे : मग ही माणसे आजारी पडली की कुणाकडे जात?

विंचू चावला तर एकाकडे, हाड मोडले तर दुसऱ्याकडे. बाई अडली तर सुईण, मुलाला झटके आले तर पंचाक्षरी, जुना खोकला असला तर वैद्य. सगळे उपाय थकले की बैलगाडी जुंपून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, नाहीतर मिशनच्या डॉक्टरकडे. या सगळ्यांच्या विद्या वेगळ्या, जाती वेगळ्या, मोबदल्याच्या रीती वेगळ्या. तरी त्यांना बांधणारा एक धागा होता, तो ओळखीचा. उपचार करणारा रुग्णाला ओळखत असे, त्याच्या बापाला ओळखत असे, कुठल्या घराला काय सोसवते आणि कोण सुगीला पैसे चुकते करील हे त्याला ठाऊक असे. त्या ओळखीत जातही आली. कुणाच्या ओटीवर बसायचे आणि कुणाला अंगणाबाहेर उभे करायचे, हेही तीच ओळख ठरवत असे. सरकारी आरोग्यसेवेआधीच्या वैद्यकीतली जवळीक आणि तिच्यातला दुजाभाव एकाच मुळातून आले आहेत, हे या विषयाचे वाचन करताना मला पुन्हा पुन्हा जाणवले. संग्रहातल्या सगळ्याच लेखकांना हे मान्य आहे असे नाही. काहींचा जीव गावच्या वैद्यात गुंतला आहे, काहींना ती सगळी व्यवस्थाच अन्यायाची वाटते. तो वाद पुस्तकात तसाच ठेवला आहे.

कालखंड ढोबळमानाने 1802 ते 1952 असा दीडशे वर्षांचा आहे. पहिल्या साली मुंबईत देवीची लस पोचली, शेवटच्या साली प्राथमिक आरोग्य केंद्रांची सुरुवात झाली. प्रदेश मराठी मुलखाचा आहे, पण हा मुलूख तेव्हा एका अमलाखाली नव्हता. पुणे, नाशिक, सातारा मुंबई इलाख्यात. नागपूर आणि वऱ्हाड मध्य प्रांतात. औरंगाबाद, बीड, नांदेड निजामाकडे. कोल्हापूर, सांगली, औंध, सावंतवाडी संस्थानांत. गोवा पोर्तुगिजांकडे. दोन शेजारी गावांमधून संस्थानची हद्द गेली असली, तर एका गावातल्या बाळंतिणीला दरबारी दवाखान्याचा आधार मिळे आणि दुसऱ्या गावातलीला मिळत नसे. ‘महाराष्ट्रातले आरोग्य’ असे एकच चित्र या काळासाठी काढताच येत नाही.

सुरुवात घरापासून करावी लागते, कारण बहुतेक दुखणी उंबऱ्याच्या आतच सुरू होत आणि तिथेच संपत. सुंठ, ओवा, हिंग, हळद, गुळवेल, अडुळसा ही औषधे प्रत्येक घरच्या बाईला ठाऊक असत. बाळाची गुटी हे या घरगुती वैद्यकीचे सर्वांत नेमके उदाहरण. सहाणेवर आईच्या दुधात किंवा पाण्यात वेखंड, हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग, सुंठ, जायफळ, बदाम, खारीक एकेक करून उगाळायचे, आणि प्रत्येकाचे वळसे मोजायचे. पोटात दुखत असेल तर मुरुडशेंगेचे वळसे वाढवायचे, शी पातळ होत असेल तर हिरडा कमी करायचा, मूल रात्री रडत असेल तर जायफळाचा एखादा वळसा जास्त, पण त्याहून जास्त नाही, कारण जायफळाने गुंगी येते हे आजीला पक्के माहीत असे. वजनकाटा नव्हता, पण मात्रा होती, आणि ती मुलाकडे बघून रोज बदलत असे. हे ज्ञान कुठल्याही अहवालात नोंदले गेले नाही. ज्या बायकांकडे ते होते त्यांना कुणी वैद्य म्हटले नाही.

घराबाहेर पडले की पहिली भेट सुइणीची. अनेक गावांत हे काम मांग समाजातल्या किंवा न्हाव्याच्या घरातल्या बायकांकडे असे. बाळंतपण विटाळाचे, म्हणून ते हाताळणारे हातही खालच्या मानलेल्या जातींचे. ज्या बाईला एरवी ओसरीवर पाय ठेवता येत नसे, ती त्या रात्री घराच्या सर्वांत आतल्या खोलीत असे, आणि सूनबाईचा जीव तिच्या भरवशावर असे. काम झाले की धान्य, चोळीचा खण, नारळ घेऊन ती पुन्हा आपल्या वस्तीत. मूल आडवे आहे की पायाळू हे ती पोटावर हात फिरवून ओळखे, आणि चांगल्या सुइणी बाहेरून चोळून मूल फिरवतही. पण नाळ विळ्याने किंवा हाताला येईल त्या धारेने कापली जाई, वर राख नाहीतर माती दाबली जाई, आणि आठवड्याच्या आत मूल दूध ओढेनासे होऊन ताठरू लागे. धनुर्वाताला लोक सटवाईचा कोप समजत. सुइणींचे कौशल्य सांगताना हे मृत्यू झाकणे आणि हे मृत्यू सांगताना कौशल्य पुसून टाकणे, असे दोन्ही प्रकार याआधीच्या लेखनात झाले आहेत. सुइणीवरच्या लेखात दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या हातून घडताना दिसतात, म्हणून संग्रहातला तो लेख मला सर्वांत मोलाचा वाटतो.

गावात न्हावी होता. तो गळू फोडे, जखम बांधे. फिरते वैदू येत, तुंबडी लावून ‘खराब रक्त’ काढत, जडीबुटी विकत. हाडवैद्य एखाद्याच गावात असे, पण दहा कोसांवरून माणसे त्याच्याकडे येत. वैद्य मात्र बहुधा कसब्यात राहणारा, पिढीजात, संस्कृत ग्रंथांच्या पोथ्या आणि बापाच्या हाताची मोडी बाडे बाळगणारा. निजामी मुलखात आणि मोठ्या शहरांत हकीम होते, आणि त्यांच्याकडे जाताना कुणी धर्म पाहत नसे.

या वैद्यकीला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्वतःचे संघटन करावे लागले, कारण समोर पदवीधर डॉक्टर उभा राहिला होता. शंकर दाजी शास्त्री पदे यांनी 1907 साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. त्यांचा ‘आर्यभिषक्’ हा ग्रंथ घराघरांत गेला. गंगाधरशास्त्री गुणे यांनी अहमदनगरला 1917 मध्ये आयुर्वेद महाविद्यालय काढले, पुण्यात 1933 मध्ये टिळक आयुर्वेद महाविद्यालय सुरू झाले. पनवेलच्या धूतपापेश्वर कारखान्यासारख्या ठिकाणी औषधे बाटलीबंद होऊ लागली. 1938 च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू झाली. त्यातून पोथीवाल्या वैद्याला मान मिळाला. सुईण, वैदू, हाडवैद्य मात्र नोंदणीच्या बाहेर राहिले, आणि गावात प्रत्यक्ष उपचारांचा मोठा वाटा तर त्यांचाच होता.

पाश्चात्त्य वैद्यक इथे आले ते आधी लष्करासाठी आणि गोऱ्यांसाठी. गोव्यात ते त्याही आधी आले. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा इथल्या वनस्पतींवरचा संवादग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला, आणि तो लिहिताना त्याने इथल्या वैद्यांकडून माहिती घेतली होती. पणजीची वैद्यकशाळा 1842 ची, म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजपेक्षाही जुनी. ग्रँट कॉलेज आणि जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय 1845 चे. त्याच्याही आधी 1826 मध्ये मुंबईत डॉ. मॅक्लेनन यांच्या हाताखाली एक देशी वैद्यकशाळा निघाली होती. तिथे मराठी आणि गुजरातीतून शिकवले जाई, त्यासाठी पुस्तके मराठीत आणली गेली, आणि 1832 मध्ये ती शाळा बंद करण्यात आली. गावागावांत जाऊन राहील असा, स्वभाषेत शिकलेला वैद्यकसेवक तयार करण्याची ती पहिली संधी होती. पुढे ग्रँट कॉलेजात देशी भाषांचा वर्ग सुरू झाला, 1878 पासून पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलने ते काम चालवले, आणि तालुक्यांच्या दवाखान्यांत बसणारे हॉस्पिटल असिस्टंट तिथून निघू लागले. पण मान आणि पगार इंग्रजीतून शिकलेल्यालाच राहिला.

ग्रँट कॉलेजच्या 1851 च्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. त्यांनी मुंबईत गरिबांना मोफत औषध दिले, आणि कडू कवठाच्या तेलाने महारोगावर उपचार करून पाहिले. नव्या विद्येत पदवी घेऊन जुन्या औषधीकडे वळणारा हा माणूस एकटा नव्हता. पुण्याचे अण्णासाहेब पटवर्धन, मुंबईचे सखाराम अर्जुन अशी ती परंपराच आहे, आणि ती ना सरकारी इतिहासात नीट बसते ना आयुर्वेदाभिमान्यांच्या.

सरकारने सर्वसामान्य माणसाच्या अंगाला प्रथम हात लावला तो देवीच्या लशीसाठी. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली. ती लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी करत इथे पोचली होती. पुढे कितीतरी वर्षे लस देण्याची पद्धत हीच होती : एका मुलाच्या फोडातली लस दुसऱ्या मुलाला. कुणाच्या अंगातले पाणी कुणाच्या अंगात जाणार, हा प्रश्न गावाने विचारला नसता तरच नवल. देवी काढणारा आला की मुले लपवली जात, आणि त्याला केवळ अडाणीपणा म्हणून सोडून देता येत नाही. दंडावर सूज येई, ताप येई, कधी दुसरा रोगही लागे. शिवाय देवी ही घरात आलेली पाहुणी, तिचा मान ठेवायचा, तिला दुखवायचे नाही, ही श्रद्धा होती. तरीही काही दशकांत लस घेणे रूढ झाले. लोकांनी ते स्वीकारले कारण लस घेतलेली मुले वाचताना त्यांना दिसली.

पटकीला आणि प्लेगला असा वेळ मिळाला नाही. पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेपार ढकलला जाई, म्हणजे पुढच्या गावाकडे. प्लेग सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत ओळखला तो गोव्यातून आलेल्या डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी. हाफकिन यांनी ग्रँट कॉलेजातल्या खोल्यांत लस तयार करून 10 जानेवारी 1897 ला ती स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, त्याने सरकारला घरात शिरण्याचे, माणसे तपासण्याचे, वेगळी काढण्याचे अधिकार मिळाले. पुण्यात ते अधिकार गोऱ्या सैनिकांच्या हातून वापरले गेले. 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

कमी बोलले जाते ते याच महिन्यांत लोकांनी स्वतः काय उभे केले त्याविषयी. टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढले. हडपसरजवळ सासाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणले, तो मुलगा वाचला आणि 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई त्याच रोगाने गेल्या. खेड्यांत लोक आपल्याच अनुभवाने चालत. घरात उंदीर पडू लागले की गाव उठे, शेतात झोपड्या घालून राही, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत परतत नसे. उंदरावरच्या पिसवांमार्फत हा रोग पसरतो हे शास्त्राने सिद्ध करण्याआधी लोकांनी उंदरांवरून पळण्याची वेळ ओळखली होती. एका घटनेला तीन उत्तरे दिली गेली : सरकारचे सक्तीचे, पुढाऱ्यांचे आपापल्या समाजापुरते, आणि सावित्रीबाईंचे. आरोग्यसेवा कुणाची आणि कशी असावी हा पुढच्या पन्नास वर्षांचा सगळा प्रश्न मला या तीन उत्तरांत दिसतो. 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, तर सरकारजवळ द्यायला काहीच नव्हते. गल्लीगल्लीतल्या मंडळांनी काढे, दूध आणि घोंगड्या वाटल्या.

बायकांची गोष्ट स्वतंत्र सांगावी लागते. पुरुष डॉक्टरने तपासणे अनेक घरांना मान्य नव्हते, म्हणून बाई मरे. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियातून पदवी घेऊन आल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली, आणि फेब्रुवारी 1887 मध्ये, कामावर रुजू होण्याआधीच, त्या वारल्या. त्यांच्या मरणाची कथा इतकी सांगितली गेली आहे की त्यांच्यानंतरच्या जगलेल्या आणि राबलेल्या बायका झाकोळून गेल्या. मुंबईचे कामा रुग्णालय 1886 मध्ये उघडले ते बाई डॉक्टरांच्या हाती. रखमाबाईंनी 1894 मध्ये लंडनहून शिकून येऊन सुरत आणि राजकोटला उभे आयुष्य घालवले. कोल्हापूरच्या त्याच रुग्णालयात कृष्णाबाई केळवकरांनी काम केले. पुण्याच्या सेवासदनने ससून रुग्णालयाच्या मदतीने विधवांना परिचारिका आणि सुईण म्हणून तयार केले. शिकलेल्या, पांढरपेशा घरातल्या बाईने बाळंतपणाचा विटाळ हातावर घेतला ही त्या काळातली मोठी उलथापालथ होती. तिने जातीच्या कामाचे पेशात रूपांतर केले. मांगाच्या सुइणीला मात्र त्या पेशात जागा मिळाली नाही.

मिशनच्या दवाखान्यांनी खेड्यांतले रुग्ण मोठ्या संख्येने प्रथम रुग्णालयाच्या खाटेवर आणले. मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय बांधले, 1897 मध्ये वैद्यकशाळा काढली. मोतीबिंदू आणि मुतखड्याच्या शस्त्रक्रियांसाठी कर्नाटकापासून माणसे तिथे येत. वेंगुर्ल्याला डॉ. गोहीन, नागपूरला म्यूर मेमोरियल. सगळ्या जातींचे रुग्ण एका छताखाली ठेवण्याचा आग्रह तिथे होता. औषधाबरोबर प्रार्थनाही होती, आणि त्यावरून गावागावांत संशय, कधी भांडणेही झाली. पण डोळा परत मिळालेला म्हातारा गावी पोचला की त्याच्यामागून चार गाड्या मिरजेच्या वाटेला लागत.

तालुक्याच्या दवाखान्याविषयी सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही, कारण पुढे जे आरोग्य केंद्र झाले त्याचा सांगाडा तोच. 1884 च्या कायद्याने लोकल बोर्डे आली आणि दवाखान्यांचा खर्च त्यांच्या गळ्यात पडला. एक सब-असिस्टंट सर्जन, एक कंपाउंडर, एक शिपाई. त्याच्या जोडीला बाजारपेठेत खासगी डॉक्टर, बहुधा 1912 मध्ये मुंबईत निघालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचा एल.सी.पी.एस. रुग्ण आपली बाटली घरून आणे. कंपाउंडर तीत लाल नाहीतर गुलाबी मिक्स्चर भरे, कागदाची पट्टी दुमडून कात्रीने कड कातरे, आणि उलगडलेली ती खाचांची पट्टी खळीने बाटलीवर चिकटवे. दर दोन खाचांमधले औषध म्हणजे एक डोस. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही खाच दिसे. पुड्या वेगळ्या, त्यांच्यावर रेघा : एक रेघ सकाळी, दोन रेघा दुपारी. खेड्यातल्या अनेकांना आधुनिक औषध कळले ते या कंपाउंडरच्या हातून, आणि डॉक्टर बदलून गेला तरी तो तिथेच राही. वहीत बाकी मांडलेली असे, जोंधळा निघाला की ती फिटे किंवा फिटत नसे.

इथवर वाचून कुणाला तो काळ मायेचा वाटू लागला असेल, तर त्याने आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधली एक हकिकत वाचावी. ती काठेवाडातली आहे आणि 1929 मध्ये ‘यंग इंडिया’त पत्र म्हणून आली होती. एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंत होऊन दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर मोठ्या मिनतवारीने, दोन रुपये फी घेऊन आला, पण वस्तीत शिरणार नाही म्हणाला. बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या हातात, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच क्रमाने तो परत गेला. डॉक्टरने तिच्या अंगाला हात न लावता न्यूमोनिया सांगितला. नंतर तो आलाच नाही. ती गेली. थर्मामीटर होता, निदान होते, औषध होते, डॉक्टर शिकलेला होता. जी ओळख एका घराला रात्री-बेरात्री धावून येणारा वैद्य देत होती, तीच ओळख या बाईला मारत होती. म्हणून आरोग्यसेवा सरकारने द्यावी, हक्क म्हणून द्यावी, ओळखीवर सोडू नये, ही मागणी या मातीतूनच उठली. ती परदेशातून उसनी आणलेली नाही.

तिला योजनेचे रूप आले दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीने आरोग्यावर एक उपसमिती नेमली, तिचे प्रमुख होते परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल साहिबसिंग सोखी. हजार वस्तीमागे एक आरोग्यसेवक, गावातलाच, थोडक्यात प्रशिक्षण दिलेला, असे त्यांनी मांडले. 1943 मध्ये सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे जन्माने नाशिकचे. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, हे त्यांच्या अहवालाचे सूत्र होते. लांबच्या पल्ल्यात दहा ते वीस हजार वस्तीमागे 75 खाटांचे केंद्र, आणि तूर्त 40 हजारांमागे एक. ब्रिटनने आपली राष्ट्रीय आरोग्यसेवा 5 जुलै 1948 ला सुरू केली, त्याच्या दोन वर्षे आधी हा आराखडा इथे छापून तयार होता. तिथे ती एका दिवशी देशभर लागू झाली. इथे 2 ऑक्टोबर 1952 पासून विकासगटांबरोबर केंद्रे येऊ लागली, आणि एका केंद्राच्या वाट्याला लाखाच्या घरात माणसे आली.

भोर समितीच्या दोन निर्णयांवर या संग्रहात बरेच लिहिले गेले आहे, आणि माझ्या मते ते रास्त आहे. एक, देशी वैद्यकपद्धतींना तिने योजनेत जागा दिली नाही, तो विषय नंतर चोप्रा समितीकडे गेला. दोन, परवानाधारक डॉक्टरांचा कमी मुदतीचा अभ्यासक्रम बंद करून एकाच प्रकारचा पदवीधर डॉक्टर तयार करावा असे तिने ठरवले. काही सदस्यांनी त्याला विरोधी मत नोंदवले. दर्जासाठी हा आग्रह होता, हेतू चांगलाच होता. पण तालुक्याच्या गावात जाऊन राहणारा डॉक्टर बहुधा तोच परवानाधारक होता. त्याची जागा घ्यायला खेड्यात पदवीधर किती आले, हे आजही रिकाम्या निवासस्थानांवरून कळते.

या सगळ्याचा अभ्यास कसा होत आला तेही नव्या वाचकाला ठाऊक हवे. आधीचे लेखन सरकारी अहवालांचे आणि गॅझेटियरांचे : किती दवाखाने, किती लशी, किती प्रगती. मग राष्ट्रीय वृत्तीचे लेखन आले, त्यात आयुर्वेदाचा सुवर्णकाळ आणि परक्या सत्तेने त्याची केलेली उपेक्षा. 1980 नंतर सूर बदलला. डेव्हिड अर्नोल्ड यांच्या 1993 च्या ग्रंथाने वसाहतीच्या सत्तेने वैद्यकाच्या वाटेने माणसाच्या शरीरावर हक्क कसा सांगितला ते दाखवले. राजनारायण चंदावरकरांनी प्लेगच्या काळातली घबराट आणि तिचे राजकारण उलगडले. मृदुला रामण्णा यांनी मुंबईचे डॉक्टर, दाते आणि रुग्ण यांच्यातले देणेघेणे बारकाईने मांडले, मीरा कोसंबींनी आनंदीबाई आणि रखमाबाई यांना दंतकथेतून बाहेर काढले. यातले बहुतेक इंग्रजीत आहे, आणि मुंबई-पुण्यावर आहे. मराठीत साहित्य विपुल आहे पण ते आत्मचरित्रांत विखुरलेले. ‘स्मृतिचित्रे’त प्लेगचे दिवस आहेत, रमाबाई रानड्यांच्या आठवणींत घरातली दुखणी आहेत. तिथून ते वेचून आणायचे तर इतिहासकाराबरोबर साहित्याचा वाचकही लागतो. या संग्रहात दोघे आहेत, आणि तीन निवृत्त डॉक्टर आणि एक परिचारिकाही.

आज हे का वाचायचे? 13 मार्च 2020 ला महाराष्ट्र सरकारने कोरोनासाठी जो कायदा लागू केला तो 1897 चाच होता. प्लेगमध्ये गाव उठून शेतात गेले, 2020 मध्ये शहर उठून गावाकडे चालत गेले, आणि गावांनी शिवेवर काटेरी फांद्या टाकल्या. दुसरे म्हणजे, सोखींचा हजारामागे एक आरोग्यसेवक. 1970 पासून जामखेडला आरोळे दांपत्याने निरक्षर, अनेकदा दलित बायकांना गावाच्या आरोग्यसेविका केले. 1977 मध्ये केंद्राने तशी योजना काढली, ती फार टिकली नाही. 2005 मध्ये ‘आशा’ आली. आशाताई गावातलीच असते, घराघरांत तिची ओळख असते, आणि कोणत्याही घराचे दार ती हक्काने ठोठावू शकते. जुन्या सुइणीला यातले पहिले दोन होते, तिसरे नव्हते. पण आशाताईलाही नियमित पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, आणि त्यासाठी तिला वारंवार रस्त्यावर उतरावे लागते. बाईने केलेल्या या कामाचे मोल द्यायला आपण अजून शिकलेलो नाही.

आरोग्यसेवेचा अखंड इतिहास लिहावा हा या संग्रहाचा हेतू नाही. एकेक लेख एकेका ठिकाणी जाऊन बसतो : एका सुइणीच्या कामापाशी, एका लोकल बोर्डाच्या दवाखान्याच्या नोंदवहीपाशी, वैद्याच्या मोडी बाडापाशी, मिशनच्या वार्षिक वृत्तान्तापाशी, गिरणगावातल्या डॉक्टरच्या उधारीच्या वहीपाशी. लेख क्रमानेच वाचावेत असे नाही. वैद्यकाचे विद्यार्थी तालुक्याच्या दवाखान्यापासून सुरुवात करू शकतात, इतरांनी सुइणीपासून करावी असे मी सुचवीन.

एक उणीव आहे आणि ती ठळक आहे. मराठवाड्यावर या संग्रहात एकच लेख आहे, तोही छोटा. निजामी अमलातल्या दवाखान्यांचे आणि हकिमांचे कागद बहुतांश उर्दूत आहेत, काही फार्सीत, आणि गावपातळीवरचे मोडीत. हे तिन्ही वाचू शकणारा आणि वैद्यकाची गोडी असणारा अभ्यासक आम्हाला मिळाला नाही. बीड, परभणी, धाराशिव (जुने उस्मानाबाद) या भागांतल्या जुन्या हकिमांच्या आणि वैद्यांच्या घरांत असे कागद पेट्यांमध्ये पडून आहेत. पुढच्या आवृत्तीसाठी त्यांवर काम करू इच्छिणाऱ्या तरुण अभ्यासकांनी प्रकाशकांकडे जरूर लिहावे, आणि ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी ते रद्दीत देण्याआधी एकदा कुणाला तरी दाखवावेत.